एर्न्स्ट नोल्टे यांची प्राध्यापकी आणि जर्मनीतील राष्ट्रवादी उजवे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एर्न्स्ट नोल्टे कोण होते आणि त्यांच्याविषयी अजून वाद का होतो?

एर्न्स्ट नोल्टे (११ जानेवारी १९२३ – १८ ऑगस्ट २०१६) हे पश्चिम जर्मनीतील इतिहासाचे प्राध्यापक होते. रूर खोऱ्यातील विटन या गावी एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. फॅसिझमचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या अभ्यासकांमध्ये त्यांची गणना होते. तरीही आज त्यांचे नाव निघते ते बहुधा १९८६ मधील ‘हिस्टोरिकरश्ट्राइट’ या इतिहासकारांच्या वादामुळे, कारण नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराकडे बोल्शेविक, म्हणजे रशियन कम्युनिस्ट, हिंसेची प्रतिक्रिया म्हणून पाहावे, असे त्यांनी त्या वर्षी सुचवले. ‘सुचवले’ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. सर्वांत स्फोटक विधाने त्यांनी प्रश्नचिन्ह लावून केली आणि प्रश्नाला खोडता येत नाही, याचा लाभ त्यांना अखेरपर्यंत मिळत राहिला.

त्यांनी इतिहासाचे रीतसर शिक्षण घेतले होते का?

नाही. त्यांचा मूळ विषय तत्त्वज्ञान होता आणि मार्टिन हायडेगर हे त्यांच्या गुरूंपैकी एक होते. डाव्या हाताची तीन बोटे जन्मतःच नसल्यामुळे त्यांना सैन्यात घेतले गेले नाही आणि त्यांच्या पिढीतील असंख्य तरुण आघाडीवर असताना ते शिकत राहिले. १९५२ मध्ये फ्रायबुर्ग येथे त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय जर्मन चिद्‍वाद (आयडियलिझम) आणि मार्क्स यांच्यातील परात्मतेची संकल्पना हा होता. त्यानंतर कित्येक वर्षे ते जिम्नॅशियममध्ये, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या माध्यमिक शाळेत, शिकवत होते. शाळेची नोकरी सांभाळून लिहिलेला फॅसिझमवरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तोच ग्रंथ कोलोन विद्यापीठाने पुढच्या वर्षी त्यांच्या हाबिलिटात्सिओनसाठी मान्य केला. जर्मन पद्धतीत डॉक्टरेटनंतर प्राध्यापकपदाची पात्रता सिद्ध करण्यासाठी हा टप्पा ओलांडावा लागतो.

ही मान्यता मिळाली ती थेओडोर शीडर यांच्या पाठिंब्याने, आणि येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. शीडर हे युद्धोत्तर जर्मन इतिहासलेखनातील मोठे प्रस्थ होते. १९३९ च्या शरद ऋतूत जिंकलेल्या पोलंडमधून पोलिश लोकांना हलवावे आणि तेथील शहरे ज्यूमुक्त करावीत, अशा आशयाच्या टिपणात त्यांचा हात होता. ही बाब सार्वजनिक चर्चेत ठळकपणे आली ती १९९८ मध्ये, फ्रांकफुर्ट येथील इतिहासकारांच्या अधिवेशनात, म्हणजे शीडर यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. नोल्टे यांचे पुढचे कडवे टीकाकार हान्स-उलरिश वेलर हेही शीडर यांचेच शिष्य होते. जर्मन इतिहासविद्येची वंशावळ अशी गुंतागुंतीची आहे, त्यामुळे कोण कोणाच्या हाताखाली शिकला यावरून त्याची राजकीय बाजू ओळखू पाहणाऱ्याची फसगत होण्याचीच शक्यता अधिक.

त्यांनी कोणकोणत्या विद्यापीठांत अध्यापन केले?

१९६५ पासून ते मारबुर्ग येथे प्राध्यापक होते आणि १९७३ मध्ये पश्चिम बर्लिनच्या ‘फ्राये उनिव्हर्सिटेट’मध्ये रुजू होऊन १९९१ मध्ये निवृत्त झाले. या विद्यापीठाच्या नावाचे शब्दशः मराठीकरण ‘मुक्त विद्यापीठ’ असे होते, परंतु आपल्याकडे त्या शब्दाने दूरशिक्षण डोळ्यांपुढे येते. तेथे ‘मुक्त’ याचा अर्थ सोव्हिएत नियंत्रणापासून मुक्त. पूर्व बर्लिनमधील जुन्या विद्यापीठावरील दडपणाला विरोध करून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी ते १९४८ मध्ये स्थापले.

१९६३ च्या ग्रंथात उजवा कल दिसतो का?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘फॅसिझम : त्याच्या युगात’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या त्या ग्रंथात फ्रान्सची ‘आक्स्याँ फ्रान्सेज’, इटलीतील फॅसिझम आणि जर्मन राष्ट्रीय समाजवाद या तिन्ही चळवळी एकाच कुळातील म्हणून तपासल्या आहेत. शीतयुद्धाच्या त्या काळात हिटलर आणि स्टालिन यांना ‘सर्वंकषवाद’ या एकाच खणात बसवण्याची रीत होती. नोल्टे यांनी ‘फॅसिझम’ हा स्वतंत्र प्रवर्ग पुन्हा अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणला, म्हणून डाव्या विद्यार्थ्यांनाही हा ग्रंथ जवळचा वाटला. मात्र त्याची व्याख्या बारकाईने वाचली, तर पुढच्या वाटचालीचे बीज तेथे सापडते. फॅसिझम हा सर्वप्रथम मार्क्सवादाचा विरोध आहे, आपल्या शत्रूशी मूलतः विरोधी असूनही त्याच्यासारखीच विचारसरणी आणि त्याच्यासारख्याच पद्धती घेऊन तो शत्रूला संपवू पाहतो, असे त्यांनी मांडले. आधी मार्क्सवाद आणि नंतर त्याला उत्तर म्हणून फॅसिझम, हा क्रम १९६३ मध्ये वर्णनापुरता होता. पुढे तोच क्रम कारणमीमांसा बनला.

मग वळण नेमके केव्हा आले?

एखादी तारीख सांगता येणार नाही. मारबुर्ग हे मार्क्सवादी राज्यशास्त्रज्ञ वोल्फगांग आबेंड्रोट यांचे विद्यापीठ होते आणि १९६८ च्या विद्यार्थी उठावाची धग तेथे चांगलीच जाणवत होती. त्या अनुभवाने नोल्टे दुरावले. विद्यापीठांवरील डाव्या प्रभावाला विरोध करण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘बुंड फ्रायहाइट डेर विसेनशाफ्ट’ या संघटनेच्या संस्थापकांत ते होते. या संघटनेत सोशल डेमोक्रॅटही होते, त्यामुळे केवळ त्यावरून त्यांना अतिउजवे ठरवता येत नाही.

माझ्या मते अधिक अर्थपूर्ण आहे ते १९८० मधील व्याख्यान. ते म्युनिकच्या कार्ल फ्रिडरिश फॉन सीमेन्स प्रतिष्ठानात झाले आणि त्याचा संक्षेप ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने त्साइटुंग’ या दैनिकात आला. १९८६ च्या वादातील बहुतेक मुद्दे येथेच आले होते, पण त्या वेळी फारसा गदारोळ झाला नाही. त्या प्रतिष्ठानाचे प्रमुख होते आर्मिन मोहलर. वायमार काळातील, म्हणजे हिटलरपूर्व जर्मन प्रजासत्ताकातील, लोकशाहीविरोधी राष्ट्रवादी लेखकांना ‘कॉन्झर्व्हेटिव्ह क्रांती’ या एका नावाखाली आणून त्यांना हिटलरपासून वेगळे काढण्याचा उद्योग मोहलर यांनी युद्धानंतर आरंभला, आणि आजच्या जर्मन ‘नव्या उजव्यां’ची वैचारिक वंशावळ तेथूनच सुरू होते. व्यासपीठ उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानाचे, संयोजक मोहलर, वक्ता विद्यापीठातला मान्यवर आणि श्रोता शहरातला सुशिक्षित वर्ग, अशी ती रचना होती. प्राध्यापकी प्रतिष्ठा आणि अतिउजवा विचार यांची गाठ जर्मनीत बहुधा अशाच दिवाणखान्यांत पडत आली आहे.

६ जून १९८६ रोजी काय छापून आले?

‘सरता न सरणारा भूतकाळ’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा नोल्टे यांचा लेख त्या दिवशी फ्रांकफुर्टच्या त्याच दैनिकात आला. फ्रांकफुर्ट येथील ‘रोमरबेर्ग’ चर्चासत्रासाठी तयार केलेले, परंतु देता न आलेले भाषण, असे त्याचे उपशीर्षक होते. म्हणजे आपल्याला बोलू दिले गेले नाही, ही तक्रार मोठ्या खपाच्या दैनिकातून मांडली गेली.

लेखाचा युक्तिवाद एका व्यक्तीपासून सुरू होतो. माक्स एर्विन फॉन शॉयब्नर-रिश्टर हे १९१५ मध्ये एर्झुरुम येथे जर्मन उपवकिलातीचे काम पाहत होते. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचे त्यांनी हादरून जाऊन अहवाल पाठवले आणि तिला आशियाई क्रौर्य मानले. पुढे हेच गृहस्थ हिटलरचे निकटवर्ती झाले आणि ९ नोव्हेंबर १९२३ रोजी म्युनिकच्या फसलेल्या उठावात गोळी लागून मरण पावले. असल्या कृत्याचा तिटकारा असलेली माणसे त्याहून भयंकर कृत्याकडे कशी वळली, असा नोल्टे यांचा प्रश्न होता. त्यापुढे प्रश्नांची माळच येते. नाझींनी ‘आशियाई’ कृत्य केले ते आपण स्वतःच तशा कृत्याचे संभाव्य बळी आहोत असे त्यांना वाटल्यामुळे तर नव्हे? आउश्विट्झ या नाझी संहारछावणीपेक्षा गुलाग, म्हणजे सोव्हिएत श्रमछावण्या, अधिक मूळचे नव्हते काय? बोल्शेविकांचा ‘वर्गसंहार’ हा नाझींच्या ‘वंशसंहारा’च्या तर्कदृष्ट्या आणि वस्तुस्थितीनेही आधीचा नव्हता काय? ही त्यांच्या प्रश्नांची भाषा नसून आशय आहे, पण तिन्ही वाक्ये मुळातही प्रश्नार्थकच आहेत. यालाच त्यांनी ‘कार्यकारण संबंध’ म्हटले.

या युक्तिवादात चूक काय आहे? हिटलरला कम्युनिझमची भीती वाटत नव्हती का?

भीती आणि द्वेष दोन्ही होते, ते कोणी नाकारत नाही. अडचण पुढे आहे.

पहिली अडचण पुराव्याची. हिटलरच्या मनातील भीती सिद्ध करण्यासाठी नोल्टे यांनी १ फेब्रुवारी १९४३ च्या एका संभाषणाचा आधार घेतला. स्टालिनग्राडला शरण गेलेल्या सेनाधिकाऱ्यांना मॉस्कोत ‘उंदरांच्या पिंजऱ्या’त टाकतील आणि मग ते हव्या त्या कागदावर सही करतील, असे हिटलर तेव्हा म्हणाला होता. रशियन निर्वासितांच्या लेखनात चेका या बोल्शेविक गुप्त पोलिस दलातील चिनी लोकांच्या एका छळप्रकाराचे वर्णन येते, त्याच्याशी नोल्टे यांनी या शब्दाची सांगड घातली. टीकाकारांनी दाखवून दिले की येथे मॉस्कोतील गुप्त पोलिसांच्या लुब्यांका तुरुंगाचाच संदर्भ असणे अधिक सरळ आहे, आणि मुख्य म्हणजे तोवर ज्यूंच्या सामूहिक हत्येला दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. एका शब्दावर इतका मोठा डोलारा उभारणे हे विद्यार्थ्याच्या प्रबंधातही खपले नसते.

दुसरी अडचण बळींची. १९३९ ते १९४१ या काळात ‘टी-फोर’ मोहिमेत सुमारे ७०,००० अपंग आणि मनोरुग्ण ठार केले गेले, त्यांतील बरेच विषारी वायूने. त्यांचा लेनिनशी काय संबंध? युक्रेन वा लिथुआनियातील ज्यू बालकांना बोल्शेविक शत्रू मानायचे, तर आधी ‘ज्यू म्हणजेच बोल्शेविक’ हे नाझी समीकरण खरे धरावे लागते. नोल्टे हिटलरच्या डोळ्यांनी पाहण्याची पद्धत वापरत आणि तिला ‘समजून घेणे’ म्हणत. मात्र त्या डोळ्यांना जे दिसले ते वास्तवात नव्हते, हे सांगायला ते पुष्कळदा विसरत. शिवाय ज्यूंना पूर्णपणे हटवणे हेच अंतिम ध्येय, असे हिटलरने सप्टेंबर १९१९ मधील एका पत्रात लिहून ठेवले होते. तेव्हा गुलाग छावण्यांची व्यवस्था अस्तित्वातही नव्हती.

त्यांना उत्तर कोणी दिले?

तत्त्वज्ञ युर्गन हाबरमास यांनी ११ जुलै १९८६ रोजी ‘डी त्साइट’ या साप्ताहिकात घणाघाती लेख लिहिला आणि नोल्टे यांच्याबरोबर आंद्रेआस हिलग्रुबर, क्लाउस हिल्डेब्रांड व मिशाएल श्ट्युर्मर या इतिहासकारांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. या चौघांची मते एक नव्हती, त्यामुळे सरसकट एकत्र बांधल्याची तक्रार काही अंशी योग्य होती. पुढे एबरहार्ड येकेल, मार्टिन ब्रोशाट, हान्स मोम्झेन आणि वेलर या इतिहासकारांनी हाबरमास यांच्या बाजूने लिहिले, तर हिटलरचे चरित्रकार योआखिम फेस्ट यांनी नोल्टे यांची पाठराखण केली. येकेल यांचा मुद्दा सर्वांत टिकाऊ ठरला. एखाद्या राज्याने आपल्या सर्वोच्च नेत्याच्या अधिकाराने, एका विशिष्ट समूहाला वृद्ध, स्त्रिया, मुले आणि तान्ही बाळे यांसह शक्यतो संपूर्ण मारण्याचे ठरवावे आणि राज्ययंत्रणेची सर्व साधने त्यासाठी वापरावीत, असे यापूर्वी घडले नव्हते. ऑक्टोबर १९८८ मध्ये बांबेर्ग येथील इतिहासकारांच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्ष रिशार्ड फॉन वायत्सेकर यांनीही आउश्विट्झचे एकमेवत्व ठामपणे सांगितले.

म्हणजे जर्मनीत हिटलर आणि स्टालिन यांची तुलना करायलाच बंदी आहे का?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज नोल्टे यांच्या समर्थकांनी चिकाटीने जोपासला आहे. अशी तुलना करणारे डझनावारी संशोधक तेथे सन्मानाने काम करतात. आक्षेप होता तो तुलनेच्या पोटात दडवलेल्या कार्यकारणभावाला. दोन घरांना लागलेल्या आगींची तुलना करणे वेगळे आणि दुसरी आग लावणाऱ्याने पहिल्या आगीच्या धास्तीने ती लावली असे म्हणणे वेगळे.

वाइझमन यांच्या पत्राचे प्रकरण काय आहे?

झायोनिस्ट संघटनेचे अध्यक्ष खाइम वाइझमन यांनी युद्धाच्या तोंडावर, ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस, ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांना पत्र लिहून ज्यू ब्रिटनच्या बाजूने उभे राहतील असे कळवले. नोल्टे यांनी सुचवले की या पत्रामुळे जर्मन ज्यूंना युद्धकैद्यांप्रमाणे स्थानबद्ध करण्यास हिटलरला समर्थन मिळू शकते. हा दावा अतिउजव्या पत्रकांतून पूर्वीपासून फिरत होता, प्राध्यापकाच्या लेखणीतून आल्यावर त्याला वेगळे वजन आले. वाइझमन कोणत्याही राज्याचे प्रमुख नव्हते आणि जर्मन ज्यूंनी त्यांना काही मुखत्यारपत्र दिले नव्हते. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीतील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, जाळली गेली तेव्हा तर ते पत्र लिहिलेही गेले नव्हते.

नोल्टे यांनी ज्यूंचा संहार नाकारला का?

नाही. संहार झाला हे ते मान्य करत आणि त्याला भयंकर म्हणत. तथापि १९९३ च्या ‘वादाचे मुद्दे’ या अर्थाच्या पुस्तकात त्यांनी संहार नाकारणाऱ्या काही लेखकांचे हेतू प्रामाणिक असू शकतात, त्यांचे आक्षेप अभ्यासाच्या पातळीवर तपासले पाहिजेत, अशी भूमिका घेतली. नकारवादी म्हणवणारे लोक बनावट तज्ज्ञतेच्या जोरावर हेच मागत होते. आमचे म्हणणे मान्य करू नका, फक्त चर्चेला घ्या, एवढेच. नोल्टे यांनी ती जागा त्यांना देऊ केली, आणि याबाबतीत त्यांना सवलत देण्याचे कारण मला दिसत नाही.

ते कोणत्या अतिउजव्या पक्षाचे सदस्य होते का?

पक्षीय कार्यकर्ता असे त्यांचे स्वरूप कधीच नव्हते. त्यांच्या वयाच्या आणि विषयाच्या दुसऱ्या एका प्राध्यापकाशी तुलना केल्यास हे स्पष्ट होते. एरलांगनचे हेलमूट डिवाल्ड (१९२४–१९९३) यांनी १९७८ मध्ये जर्मनांचा इतिहास वर्तमानातून उलटा मागे नेत लिहिला. त्यातील आउश्विट्झविषयीच्या मजकुरावरून इतका संताप उसळला की प्रकाशकाला पुढील आवृत्तीत ती पाने बदलावी लागली. डिवाल्ड पुढे १९८३ मध्ये मोहलर आणि फ्रान्झ श्योनहुबर यांच्यासह ‘डॉइचलांडराट’ या मंडळात सामील झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘रेपुब्लिकानर’ या अतिउजव्या पक्षाचे श्योनहुबर हे एक संस्थापक. डिवाल्ड यांचे नाते असे उघड होते.

नोल्टे यांचे नाते व्यासपीठांचे, नियतकालिकांचे आणि सन्मानांचे होते. ‘युंगे फ्रायहाइट’ हे उजव्या राष्ट्रवादी वर्तुळाचे मुखपत्रासारखे साप्ताहिक. १९८६ मध्ये फ्रायबुर्गला ते विद्यार्थ्यांचे पत्र म्हणून सुरू झाले आणि १९९४ पासून साप्ताहिक झाले. त्यात नोल्टे यांना आदराचे स्थान होते. त्या वर्तुळाशी जोडलेला गेरहार्ड ल्योव्हेनटाल सन्मान त्यांना २०११ मध्ये मिळाला.

२००० साली मिळालेला ‘कोनराड आडेनाउअर पुरस्कार’ सरकारी होता का?

नव्हता, आणि तो ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाशी संलग्न असलेल्या कोनराड आडेनाउअर प्रतिष्ठानाचाही नव्हता. नावसाधर्म्यामुळे अनेक जण येथे फसतात. म्युनिकच्या ‘डॉइचलांड-श्टिफ्टुंग’ या स्वतंत्र, कडव्या उजव्या कलाच्या संस्थेने तो दिला. पक्षाध्यक्षा आंगेला मेर्केल यांनी गौरवपर भाषण करण्यास नकार दिला. ते भाषण केले होर्स्ट म्योलर यांनी, जे म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेचे संचालक होते. ही संस्था नाझी काळाच्या संशोधनासाठीच उभारलेली, म्हणून इतिहासकार हाइनरिश आउगुस्ट विंकलर यांनी म्योलर यांच्या राजीनाम्याची जाहीर मागणी केली. म्योलर पदावर राहिले.

नोल्टे यांची मुस्कटदाबी झाली, असे म्हणतात ते खरे का?

अंशतः. १९८८ मध्ये बर्लिनला त्यांची मोटार जाळण्यात आली. हा सरळ गुन्हा होता आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. व्याख्यानांची काही निमंत्रणे मागे घेतली गेली आणि जर्मन विद्यापीठीय जगात ते एकाकी पडले. दुसऱ्या बाजूला, निवृत्तीपर्यंत त्यांचे अध्यासन शाबूत होते, त्यांची जाडजूड पुस्तके प्रोपिलेएन या प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेकडून निघत होती, इटलीत त्यांना मोठा वाचकवर्ग होता आणि फ्रेंच राज्यक्रांतीचे नामवंत इतिहासकार फ्राँस्वा फ्युरे यांनी नव्वदच्या दशकात त्यांच्याशी गंभीर पत्रव्यवहार केला. फ्युरे यांनी त्यांची मध्यवर्ती मांडणी स्वीकारली नाही, पण उत्तर दिले. मुस्कटदाबी झालेल्या माणसाच्या वाट्याला सहसा एवढे येत नाही.

आजच्या एएफडी पक्षाशी त्यांचा संबंध जोडता येतो का?

थेट जोडणे घाईचे होईल. एएफडी (‘जर्मनीसाठी पर्याय’) हा अतिउजवा पक्ष २०१३ मध्ये स्थापन झाला तेव्हा नोल्टे नव्वदीत होते. २०१७ मध्ये ड्रेस्डेन येथे या पक्षाचे नेते ब्योर्न ह्योके यांनी स्मृतिविषयक धोरण १८० अंशांनी फिरवण्याची मागणी केली आणि २०१८ मध्ये पक्षाचेच आलेक्झांडर गाउलांड यांनी जर्मन इतिहासाच्या हजार वर्षांत नाझी काळ म्हणजे पक्ष्याची विष्ठा, असे उद्‍गार काढले, तेव्हा त्यांना ‘कार्यकारण संबंधा’ची गरजही नव्हती. नोल्टे यांना तो भूतकाळ सतत छळत होता, ते त्याला सरू देत नव्हते. गाउलांड यांनी तो हाताने झटकला. ह्योके हे शाळेत इतिहास शिकवत असत, एवढे एक साम्य मात्र नोंदवण्याजोगे.

अलीकडे त्यांचे पुनर्वसन होत आहे का?

२०१४ मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील योर्ग बाबेरोव्स्की यांनी ‘डेअर श्पीगल’मध्ये नोल्टे यांच्यावर अन्याय झाला, असे म्हटल्यावर पुन्हा वाद उसळला. बाबेरोव्स्की स्टालिनकालीन हिंसेचे अभ्यासक आहेत. २०२१ मध्ये इतिहासकार डर्क मोझेस यांच्या लेखाने सुरू झालेल्या वादाला ‘दुसरा हिस्टोरिकरश्ट्राइट’ म्हटले जाते, पण त्याची दिशा वेगळी आहे. तेथे तुलना होते ती वसाहतींतील हत्याकांडांशी, आणि हेतू जर्मनीची जबाबदारी वाढवण्याचा आहे. दोन्ही वादांना एकाच मापाने मोजणारे लेख वाचताना सावध राहिलेले बरे.

‘रिव्हिजनिस्ट’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे?

मराठीतील डाव्या लेखनात ‘रिव्हिजनिस्ट’ म्हणजे मार्क्सच्या मूळ सिद्धान्तात दुरुस्ती सुचवणारा. नव्या पुराव्याने जुनी समजूत तपासणे हे तर कोणत्याही इतिहासकाराचे रोजचे काम, त्याला ‘पुनर्विचार’ पुरेसा आहे. गॅसकोठड्या नव्हत्याच असे म्हणणाऱ्यांनी स्वतःला हे नाव लावून घेतले असले, तरी त्यांच्यासाठी ‘नकारवादी’ हाच शब्द वापरावा. नोल्टे या दोहोंपैकी कशातच नीट बसत नाहीत. घडलेले मान्य करून त्याचा दोष दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवणाऱ्या मांडणीला मी ‘दोषांतरवाद’ म्हणतो. शब्द ओबडधोबड आहे, कोणाला याहून चांगला सुचल्यास तो जरूर वापरावा.